हाक मारणारे खेळणे

ईद झाली की मुलांच्या हातात ईदीचे पैसे येतात आणि घरात एखादी नवी वस्तू येते. कधी बॅट, कधी रिमोटची गाडी, कधी बाहुली. अलीकडे या यादीत एक जुनेच खेळणे पुन्हा दिसू लागले आहे. अंड्याच्या आकाराचे, तळहातात मावणारे, साखळीला अडकवलेले. मध्ये एक छोटा पडदा आणि त्याखाली तीन बटणे. पडद्यावर एक इवलासा जीव असतो. तो भुकेला होतो, घाण करतो, आजारी पडतो, झोपतो आणि काही हवे असले की पीं-पीं करून हाक मारतो. त्याच्याकडे लक्ष दिले नाही तर तो मरतो.

दुकानदार याला 'व्हर्च्युअल पेट' म्हणतात, म्हणजे खोटाखोटा पाळीव प्राणी. त्याचे मूळ नाव तामागोची. पालकसभेत याविषयी दोन प्रकारचे बोलणे कानावर येते. एक आई म्हणते, "मॅडम, पोरगी दिवसभर ते अंडं घेऊन बसते, काढून घेऊ का?" दुसरी म्हणते, "निदान मोबाइल तरी मागत नाही, असू दे." दोघींचे म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. पण घ्यावे की नाही, ठेवावे की काढून घ्यावे, हे ठरवण्याआधी ते खेळणे चालते कसे हे आईवडिलांना ठाऊक असले पाहिजे. बहुतेक घरांत ते फक्त मुलांनाच ठाऊक असते.

जपानमध्ये जन्म

तामागोची २३ नोव्हेंबर १९९६ रोजी जपानमध्ये विक्रीला आले. बांदाई या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने ते काढले. कल्पना अकिहिरो योकोई यांची, आणि बांदाईतल्या अकी माइता यांनी ती मुलामुलींना आवडेल अशा रूपात आणली. टोकियोच्या शिबुया भागात फिरणाऱ्या शाळकरी मुलींना नमुने दाखवून त्यांची मते घेण्यात आली होती. नावही सोपे आहे. जपानी भाषेत 'तामागो' म्हणजे अंडे, आणि त्याला जोडले घड्याळ या अर्थाचे इंग्रजी 'वॉच'. अंडे आणि घड्याळ. हे खेळणे खरोखर या दोन गोष्टींचेच बनले आहे, ते पुढे लक्षात येईल.

जपानच्या मोठ्या शहरांत घरे लहान आणि अनेक इमारतींत कुत्रा-मांजर पाळायला मनाई. मुलांना प्राणी हवा, पण जागा नाही. आपल्याकडे जुन्या नाशकातल्या वाड्यात राहणाऱ्याला हे कदाचित कळणार नाही, पण दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आईला लगेच कळेल. मूल मांजराचे पिल्लू उचलून आणते आणि आपण ते पुन्हा जिन्यात सोडायला लावतो.

मे १९९७ मध्ये तामागोची अमेरिकेत पोहोचले आणि पाहता पाहता जगभर गेले. पहिल्या अडीच वर्षांत सुमारे चार कोटी नग विकले गेले. त्याच वर्षी योकोई आणि माइता यांना अर्थशास्त्राचे 'इग नोबेल' मिळाले. हे गमतीचे पारितोषिक असते. लोकांनी कामाचे लाखो तास खोट्या प्राण्यांच्या संगोपनात घालवले, त्याबद्दल त्यांना ते दिले गेले. गंमत होती, पण तिच्यात चिमटाही होता.

मग लाट ओसरली आणि कंपनीकडे न विकलेला मोठा साठा पडून राहिला. पण खेळणे संपले नाही. २००४ मध्ये नवे रूप आले. त्यात दोन खेळणी समोरासमोर धरली की अदृश्य किरणांनी एकमेकांशी जोडली जात. आतले प्राणी एकमेकांना भेटत, भेटवस्तू देत, त्यांची लग्ने होत, पिल्ले होत. २०२३ मध्ये आलेल्या 'युनी' या प्रकारात रंगीत पडदा, चार्ज होणारी बॅटरी आणि वायफाय आले. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरातील 'द स्ट्राँग' या खेळांच्या संग्रहालयाने तामागोचीला व्हिडिओ गेमच्या मानाच्या दालनात जागा दिली. एकूण विक्री आता दहा कोटींच्या पुढे गेली आहे.

आपल्या बाजारात अस्सल कमी आणि त्याच्या नकला जास्त दिसतात. पाकिटावर 'एकात १६८ प्राणी' असे काहीतरी छापलेले असते. खेळ मात्र साधारण तोच.

खेळ कसा चालतो

पहिल्या तामागोचीचा खेळ समजला की पुढचे सगळे समजतात, म्हणून तोच सांगते.

बॅटरीमधली कागदी पट्टी ओढली की घड्याळ लावायचे. मग पडद्यावर एक अंडे हलताना दिसते. पाच मिनिटांनी ते फुटते आणि बाळ बाहेर येते. हे बाळ पहिला तास-सव्वा तास अगदी तान्ह्या लेकरासारखे असते. सारखी भूक, सारखी हाक. त्यानंतर ते मोठे होऊन बालवयात जाते, मग किशोर होते, मग प्रौढ. आपला एक दिवस म्हणजे त्याचे एक वर्ष.

तीन बटणांपैकी डावे बटण निवडण्यासाठी, मधले 'होय' म्हणण्यासाठी आणि उजवे मागे येण्यासाठी. पडद्याच्या वर चार आणि खाली चार अशी आठ छोटी चित्रे असतात. जेवण, दिवा, खेळ, औषध, सफाई, तब्येतीची मोजपट्टी आणि शिस्त ही सात आपण निवडू शकतो. आठवे चित्र आपल्या हातात नसते. प्राण्याला आपली गरज असली की ते आपोआप उजळते आणि आवाज होतो. तीच त्याची हाक.

मोजपट्टीत चार बदाम भुकेचे आणि चार बदाम आनंदाचे असतात. वेळ जाईल तसे ते रिकामे होतात. जेवण दिले की भुकेचा एक बदाम भरतो. खाऊ दिला की आनंदाचा एक बदाम भरतो, पण वजन जेवणापेक्षा जास्त वाढते. पोट भरलेले असेल तर प्राणी जेवण नाकारतो, मान फिरवतो. खाऊ मात्र कधीच नाकारत नाही. हे बनवणाऱ्यांना लेकरांचा स्वभाव चांगला ठाऊक असावा.

आनंद वाढवण्याचा दुसरा रस्ता म्हणजे त्याच्याशी खेळणे. प्राणी डावीकडे पाहील की उजवीकडे, हे ओळखायचे. पाच डाव असतात, तीन बरोबर आले की जिंकलो. आनंदाचा बदाम भरतो आणि वजनही उतरते. म्हणजे त्याला खूश करण्याचे दोन मार्ग आहेत. एक झटपट, खाऊचा. दुसरा वेळ देण्याचा. पहिल्याने तो लठ्ठ होतो, दुसऱ्याने निरोगी राहतो. दुकानातून कुरकुऱ्याचे पाकीट आणून मुलाला गप्प करणाऱ्या आपण मोठ्यांनाही हा हिशेब एकदा पाहण्यासारखा आहे.

प्राणी घाण करतो, ती साफ करावी लागते. तशीच राहिली तर तो आजारी पडतो. आजारी पडला की कवटीचे चित्र दिसते. तेव्हा औषध द्यायचे, आणि एका मात्रेने बरा झाला नाही तर दुसरी द्यायची. रात्री तो झोपतो तेव्हा दिवा मालवायचा. दिवा चालू राहिला तर तीही आपली चूक धरली जाते.

चुका मोजल्या जातात, पण दाखवल्या जात नाहीत. हाक आली आणि सुमारे पंधरा मिनिटांत कोणी गेले नाही, तर एक चूक नोंदली जाते. तेव्हा काहीच होत नाही. फरक दिसतो काही दिवसांनी, प्राणी प्रौढ होतो तेव्हा. नीट सांभाळलेला प्राणी 'मामेत्ची' नावाचा हुशार, गोंडस जीव होतो. हेळसांड झालेला 'ताराकोत्ची' नावाचा, पाय फुटलेल्या माशासारखा होतो आणि लवकर जातो. मधले आणखी काही प्रकार आहेत. अंडे सगळ्यांचे सारखेच, पण पाळणाऱ्याप्रमाणे आतून निघणारा जीव वेगळा. खेळण्याची खरी मेख इथे आहे.

दोन प्रकारच्या हाका

या खेळातले सर्वांत विचार करण्यासारखे चित्र शिस्तीचे आहे. प्राणी कधी कधी उगाचच हाक मारतो. आपण धावत जातो, मोजपट्टी पाहतो, तर बदाम भरलेले असतात. घाण नाही, आजार नाही, झोपेची वेळही नाही. ही हाक हट्टाची. अशा वेळी शिस्तीचे चित्र निवडून त्याला रागवायचे. शिस्तीची पट्टी थोडी भरते. पण बदाम रिकामे असताना, म्हणजे खरीच भूक असताना रागावून चालत नाही. त्याने भूक भागत नाही आणि चूक मात्र आपली धरली जाते.

म्हणजे मुलाला प्रत्येक हाकेला आधी पाहावे लागते, मग ठरवावे लागते. ही गरज आहे की हट्ट? दहा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो प्रश्न आईचा असतो. रडणाऱ्या बाळाला दूध हवे, झोप हवी, लंगोट बदलायचा की नुसते कडेवर यायचे आहे, हे ती दिवसातून वीस वेळा ठरवते. धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीलाही ते येते. एकुलत्या एका मुलाला कोण शिकवणार? या खेळण्याच्या बाजूने मला एवढे एक बोलणे खरे वाटते. बाकी खेळ मुलाला जिंकायला शिकवतात. या खेळात जिंकणे असे काही नाही. फक्त सांभाळणे आहे.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत शिकवणाऱ्या शेरी टर्कल यांनी मुले आणि अशी खेळणी यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : एखादी वस्तू किती हुशार आहे यावर आपली माया जडत नाही, ती आपल्याकडून सेवा मागते म्हणून जडते. ज्याला आपण भरवले, पुसले, निजवले, तो आपला वाटू लागतो. आईला हे पुस्तकातून वाचावे लागत नाही. पण याचा दुसरा अर्थ असा, की माया लावण्याची कळ बनवणाऱ्यांना सापडली आहे. खेळण्याला भूक नसते. भुकेचे चित्र असते. माया मात्र मुलाची खरी असते.

मरण आणि दोन बटणे

प्राणी मरतो तेव्हा काय होते? जपानी खेळण्यात भूत आणि कबर दिसे. बाहेरच्या देशांत विकताना हे कठोर वाटले, म्हणून तिथे पंखांचा फरिश्ता दाखवला गेला, किंवा प्राणी आपल्या ग्रहावर परत गेला असे सांगितले गेले. चित्र कोणतेही असो, मुले रडली. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल भागात पाळीव प्राण्यांच्या एका दफनभूमीत या खेळण्यांसाठी वेगळा कोपरा राखावा लागला होता. वाचून हसू येते. पण आपल्या घरात मूल रडू लागले की हसू नये.

हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाची हकीकत आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. अबू उमैर या लहानग्याजवळ एक छोटा पक्षी होता. तो मेला. प्रेषित मुहम्मद (स.) घरी आले, मूल उदास दिसले, तर त्यांनी त्याला नावाने हाक मारून त्याच्या पक्ष्याची लाडाने चौकशी केली. एवढ्या मोठ्या कामांच्या धबडग्यात एका लहान मुलाच्या एवढ्याशा पक्ष्याची विचारपूस. मुलाचे दुःख किती मोठे हे गेलेल्या वस्तूच्या किमतीवर ठरत नाही, हे यापेक्षा सोपे करून सांगता येणार नाही. म्हणून "अगं, प्लास्टिकच तर आहे" हे वाक्य टाळावे. आधी जवळ घ्यावे. समजावणे नंतर.

समजावायचे मात्र नक्की, कारण या खेळातली एक गोष्ट आयुष्याशी मुळीच जुळत नाही. प्राणी मेल्यावर दोन बाजूंची दोन बटणे एकदम दाबली की पुन्हा अंडे येते. पहिल्याची हेळसांड, त्याचा आजार, त्याचे मरण सगळे पुसले जाते. मूल तीनदा-चारदा हे करते आणि मग रडत नाही. पुढे पुढे तर आवडता प्रकार निघाला नाही म्हणून मुद्दाम मरू देते आणि नवे अंडे घेते. पहिल्या दिवशीचे रडणे आणि पंधराव्या दिवशीचे हे बेफिकीर बटण, दोन्ही आईवडिलांनी पाहायला हवीत. काळजीचे कारण पहिल्यात नाही, दुसऱ्यात आहे. मांजर बांधून ठेवून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस मुलांना याच वेळी सांगावी. त्या मांजराला दोन बटणे नव्हती.

शाळेतली हाक

१९९७ मध्ये अनेक देशांतल्या शाळांनी तामागोचीवर बंदी घातली. कारण उघड होते. प्राणी तासाची घंटा ओळखत नाही. गणित चालू असताना दप्तरातून पीं-पीं होते आणि सगळ्या वर्गाचे लक्ष उडते. मूळ खेळण्यात 'थांब' असे बटणच नव्हते. शाळेच्या सहा-सात तासांत प्राणी मरून जाई, म्हणून जपान-अमेरिकेतल्या मुलांनी आपले प्राणी आईच्या, आजीच्या हवाली केले. नंतरच्या काही प्रकारांत प्राण्याला सांभाळायला ठेवण्याची सोय आली. जुन्यातही मुलांनी एक युक्ती शोधली होती. घड्याळ लावण्याच्या पडद्यावर खेळणे ठेवून दिले की प्राण्याचा काळ थांबतो. अंडे आणि घड्याळ म्हटले ते यासाठी. घड्याळ थांबले की अंडेही थांबते.

ही युक्ती पालकांनी मुलाकडून जरूर शिकून घ्यावी. शाळेची, मकतबची, जेवणाची आणि झोपेची वेळ घड्याळाच्या पडद्यावर. "मी गेलो तर तो मरेल" हे कारण मग उरत नाही.

न बोलणाऱ्यांची हाक

आता मुख्य गोष्ट. हे खेळणे मुलाला हाकेला ओ द्यायला शिकवते, हे मी मान्य करते. पण ते फक्त हाकेला ओ द्यायला शिकवते. भूक लागली की चित्र उजळणार, आवाज होणार, बदाम मोजून दाखवणार. घरातली जिवंत माणसे आणि जिवंत प्राणी असे करत नाहीत. ज्यांना सर्वांत जास्त गरज असते, ते बऱ्याचदा हाक मारतच नाहीत.

बकरी ईदच्या आधी काही दिवस अनेक घरांत बोकड येतो. इमारतीखाली, गल्लीत, वाड्याच्या अंगणात बांधलेला. मुले त्याला घास घालतात, पाला आणतात, पाणी ठेवतात. हा बोकड ओरडतो तेव्हा सगळेच धावतात. पण आजारी पडतो तेव्हा तो ओरडत नाही. त्याचे कान पडतात, तो रवंथ करायचे थांबवतो, पाल्याकडे पाहून तोंड फिरवतो. घरातले म्हातारे माणूस ते दुरून ओळखते. मूल ओळखत नाही, कारण त्याने कधी शांत बसून पाहिलेले नसते. शिवाय हा जीव कुणासाठी आणला आहे, कुठे जाणार आहे, हे त्या मुलाला ठाऊक असते. तरी चार दिवस त्याला चांगले ठेवायचे, त्याला त्रास होऊ द्यायचा नाही. दोन बटणे दाबून परत आणता येणाऱ्या प्राण्यापेक्षा हा धडा फार वेगळा आणि फार खोल आहे.

वर्गात आम्ही यावरून एक लहानसा अभ्यास दिला. पाचवीच्या मुलांना सांगितले, आज घरी जाऊन पाहा : ज्याला काहीतरी हवे होते, पण ज्याने हाक मारली नाही, असे घरात कोण होते? एक-दोन वाक्ये लिहून आणा, उर्दूत किंवा मराठीत.

एका मुलाने लिहिले, कुंडीतला पुदिना. एका मुलीने लिहिले, दादीचा तांब्या रिकामा होता, तिला उठायला त्रास होतो, पण ती कोणाला पाणी मागत नाही. एकीने लिहिले, अम्मीचा पाय दुखत होता, ती उभ्यानेच रोट्या करत होती. एकाने खिडकीतल्या कबुतरांविषयी लिहिले, की पाण्याचे भांडे सुकले होते आणि ती येऊन परत जात होती. एकाने फक्त 'कोणी नाही' असे लिहिले. त्याला मी एवढेच म्हटले, उद्या पुन्हा पाहा. दुसऱ्या दिवशी त्याने लिहिले, अब्बू रात्री उशिरा आले, जेवण गार झाले होते, त्यांनी तसेच खाल्ले.

या मुलांपैकी काहींकडे ते खेळणे होते, काहींकडे नव्हते. त्याने फरक पडला नाही. विचारल्यावर सगळ्यांना दिसले. कोणी विचारले नव्हते, एवढेच.

घ्यायचे असेल तर

खेळणे घ्यायचे ठरले तर काही गोष्टी दुकानातच पाहून घ्याव्यात.

पहिली, बॅटरी. या खेळण्यांत बटणासारखी चपटी बॅटरी असते. लहान मूल ती गिळू शकते. रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतच आतून गंभीर भाजू शकते. म्हणून बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होते का ते पाहावे. नुसत्या नखाने उघडणारे झाकण असेल तर, घरात पाच वर्षांखालील मूल असताना, ते खेळणे घेऊ नये. संपलेल्या बॅटरीतही धोका असतो, ती टेबलावर टाकून ठेवू नये. मुलाने बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नये, शौचातून पडेल म्हणून वाट पाहू नये. लगेच मोठ्या दवाखान्यात नेऊन एक्स-रे काढावा. आपल्या राज्यात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

दुसरी, खूण. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. जत्रेत, उरुसाच्या बाजारात, रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त मालावर ती बहुधा नसते. पाकीट उलटून पाहायला वेळ लागत नाही.

तिसरी, वायफाय. नवे महागडे प्रकार इंटरनेटला जोडले जातात. ज्या पालकांना मुलांसाठी पडदा आणि इंटरनेट कमी करायचे आहे, त्यांनी साधे, तीन बटणांचे खेळणेच घ्यावे. त्यात खेळही तोच आणि खर्चही कमी.

चौथी, वय. घड्याळ वाचता येत नाही आणि पंधरा मिनिटे म्हणजे किती हे कळत नाही, अशा मुलाला हे खेळणे देऊन उपयोग नाही. तो नुसता घाबरतो. साधारण तिसरी-चौथीपासून पुढे ठीक.

आणि घरात आणल्यावर दोन नियम करावेत. एक, प्राणी आजारी पडला, मेला किंवा मोठा झाला तर मुलाने आईला किंवा वडिलांना सांगावे आणि त्यांनी ऐकून घ्यावे. पाच मिनिटे पुरतात. मूल कोणती चूक झाली हे स्वतःच सांगू लागते. मुलाने आपली चूक न लपवता सांगावी, ही सवय खेळण्यातून लागली तर वाईट काय? दुसरा, खेळण्यासोबत एक खरी जबाबदारी जोडून द्यावी, आवाज न करणारी. दादीच्या औषधाची वेळ, गच्चीवरच्या पाखरांचे पाणी, कुंडीतले एक रोप. प्राण्याची मोजपट्टी पाहिली की आधी हे पाहायचे. उन्हाळ्यात नाशकात गच्चीवरचे मातीचे भांडे दुपारपर्यंत कोरडे होते, तेव्हा हे काम दिवसातून दोनदा निघते.

एखाद्या घरात हे खेळणे आणू नये असे ठरले, तरी हरकत नाही. मुलाचे काही बुडत नाही. आणले तरी घाबरण्याचे कारण नाही. बॅटरी दोन-तीन महिन्यांत संपते, मुलाची हौस बहुधा त्याआधीच. खेळणे कपाटात गेल्यावर मुलाजवळ काय राहिले, हे पाहायचे. हाक आली की उठायची सवय राहिली असेल तर चांगले झाले. आणि हाक येण्याआधीच कोणाचा तांब्या रिकामा आहे हे पाहायची नजर आली असेल, तर ते काम खेळण्याचे नाही, तुमचे आहे.